क्लिपिंगला डायोडऐवजी बीसी ५४७ : गोडवा हवा असेल तर उलट्या दिशेला गेलात

तुमची अडचण मला समजली ती अशी : ट्यूब स्क्रीमर या गाजलेल्या ओव्हरड्राइव्हच्या धर्तीवर गिटारचं पेडल बांधलंत, सिग्नल मोठा करणारा ऑप-अँप ४५५८, त्याच्या फीडबॅकमधले (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेतले) क्लिपिंग करणारे, म्हणजे लहरीची टोकं कापणारे, दोन १एन४१४८ डायोड काढून तिथे बेस आणि कलेक्टर जोडलेले दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर उलटसुलट बसवलेत. आवाज जरासा मोठा झाला, पण ‘ट्यूबचा गोडवा’ काही आला नाही आणि हिस (मागची सळसळ) मात्र वाढला.

हिसचं आधी उरकून टाकू, कारण त्यात ट्रान्झिस्टरचा काही दोष नाही. तुम्ही पाठवलेला फोटो नीट बघा, डायोड काढताना शेजारचा ५१ पीएफचा (पिकोफॅरडचा) कपॅसिटरही निघालाय. ड्राइव्हचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) पूर्ण उघडला की फीडबॅकमध्ये ५१ अधिक ५०० असे ५५१ किलोओहम येतात, आणि खाली, उलट्या इनपुटपासून ग्राउंडकडे, ४.७ किलो असल्यामुळे गेन (सिग्नल मोठा होण्याचं प्रमाण) साधारण ११८ पट होतो. तो इवलासा कपॅसिटर त्यातला ५.७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग उतरवत नेतो. तो नाही म्हटल्यावर वरची सगळी सळसळ ११८ पटीने मोठी होऊन बाहेर पडणारच. दुकानात ५१ मिळत नाही, ४७ मागा, चालतो. आणि क्लिपिंगच्या स्विचपर्यंत वीतभर वायरी नेल्या आहेत त्या आखूड करा. त्यांचं एक टोक ऑप-अँपच्या उलट्या इनपुटवर आहे, म्हणजे तुम्ही तिथे चक्क अँटेना लावली आहे.

आता मूळ मुद्दा. डायोडचे ०.७ व्होल्ट आपण सगळे पाठ करतो, पण तो आकडा काही मिलिअँपिअर वाहत असतानाचा. आपल्या पेडलमध्ये तेवढं वाहतच नाही. गिटारच्या पिकअपमधून २०० मिलिव्होल्टचं शिखर आलं असं धरा. तेच ४.७ किलोवर पडतं, म्हणजे सुमारे ४३ मायक्रोअँपिअर, आणि डायोडच्या वाट्याला जास्तीत जास्त तेवढंच येतं. (७२० हर्ट्झच्या खाली त्याहून कमी, कारण ४.७ किलोसोबत ०.०४७ मायक्रोफॅरड आहे. ट्यूब स्क्रीमरचा बास पातळ का, याचं उत्तरही तेच.) इतक्या कमी करंटला १एन४१४८ वर साधारण ०.४५ व्होल्ट पडतात, तर बीसी ५४७ वर ०.५५ च्या आसपास. फरक पावणेदोन डेसिबलचा. आवाज ‘जरासा मोठा’ झाला तो एवढाच.

खरा फरक वळणाचा आहे. करंट दहापट व्हायला ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडाला ६० मिलिव्होल्ट पुरतात, १एन४१४८ ला शंभराच्या वर लागतात. म्हणजे डायोड हळूहळू वाकतो आणि ट्रान्झिस्टर बराच वेळ ताठ राहून एकदम वाकतो. तुम्हाला कोपरा गोल करायचा होता आणि तुम्ही तो धारदार केलात. काही जणांना तो आवाज आवडतो, नोट सुटी ऐकू येते, पण त्याला गोडवा म्हणता येणार नाही. तुलना करताना लेव्हलचा पॉट फिरवून दोन्ही आवाज सारखे करून घ्या. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, माझ्याही.

गोलाई हवी असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्या जोडीच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टर. या रचनेत ऑप-अँपच्या आउटपुटला डायोडचा व्होल्टेज अधिक मूळ सिग्नल असं मिळतं, म्हणून ट्यूब स्क्रीमर पूर्ण चौकोनी कधी होतच नाही. सिरीजमध्ये ४.७ किलो टाकला की मूळ सिग्नलची आणखी एक प्रत त्यात मिसळते. १० किलोचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावून कानाने ठरवा. मग एका बाजूला एक बीसी ५४७ आणि दुसऱ्या बाजूला ओळीने दोन १एन४१४८ करून बघा. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन ही युक्ती बॉस कंपनीच्या एसडी-१ पेडलमध्ये १९८१ पासून आहे. त्याने सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट वारंवारितेचे सूर) येतात, आणि लोक ज्याला ट्यूबसारखं म्हणतात त्यातला बराच भाग हाच असतो.

पण ट्रान्झिस्टर घातलाच आहे तर त्याचा तिसरा पाय वापरा ना! बेस-कलेक्टर जोडून टाकला की उरतो शेवटी डायोडच. ती जोडणी सोडवा, कलेक्टर ते बेस ५०० किलोचा पॉट आणि बेस ते एमिटर ४७० किलोचा रेझिस्टर लावा. आता ट्रान्झिस्टर कितीला उघडेल ते पॉट ठरवतो, ०.५५ पासून दुपटीच्या थोडं पुढपर्यंत. पॉवर अँपच्या आउटपुट स्टेजला बायस देताना हीच रचना असते. रेझिस्टर यापेक्षा लहान घेऊ नका, ते ड्राइव्हच्या समांतर येतात आणि गेन खातात. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या सिरीजमध्ये एक १एन४१४८ हवाच, नाहीतर उलट्या अर्ध्या लहरीत बेस-कलेक्टर जोड थोडा थोडा गळत राहतो. डायोड धरून हिशेब साधारण १ ते १.६ व्होल्ट होतो. माझ्या पेडलमध्ये एकाच बाजूला हे आहे, दुसरीकडे साधे दोन डायोड. तो पॉट मी ड्राइव्हपेक्षा जास्त फिरवतो.

जुन्या रेडिओतला एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर सापडला तर तोही लावून बघा, पण तो पीएनपी आहे, दिशा उलटी, आणि आउटपुट इतका पडेल की लेव्हल पूर्ण उघडावी लागेल. मॉसफेट या वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरच्या वाटेला जाणार असाल तर २एन७००० मध्ये आतच एक उलटा डायोड असतो, त्यामुळे तिथेही सिरीजमध्ये डायोड लागतो. बीएस १७० हा दुसरा मॉसफेट घेतलात तर त्याचे पाय २एन७००० च्या बरोब्बर उलटे.

पायांवरून आठवलं. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर आणि २एन३९०४ या तशाच दुसऱ्या ट्रान्झिस्टरचे एमिटर, बेस, कलेक्टर. मी पहिल्यांदा ३९०४ ची आकृती बघून ५४७ बसवले होते. पेडल बंद पडलं नाही, कारण बेस-एमिटर जोडला तरी बेस-कलेक्टरचा डायोड उरतोच. आठवडाभर आमच्या ड्रमरला ‘ट्रान्झिस्टरचा टोन’ ऐकवत होतो, आणि वाजत होता भलताच जोड. मल्टीमीटर डायोडवर ठेवून बेसपासून दोन्ही पाय मोजा, ज्याचा आकडा किंचित जास्त तो एमिटर.

एक राहिलं. तुमच्या आकृतीत ड्राइव्ह पॉटची किंमत लिहिलेली नाही, मी ५०० किलो धरली आहे. ती १०० किलोची निघाली तर गेन ३३ पटीवर येईल आणि हिसबद्दल मी जे लिहिलं ते पुन्हा मोजावं लागेल. पॉटच्या पाठीवर बघून सांगा.