हिवताप: पुन्हा तेच प्रश्न

पोळा सरला की हिवतापाच्या त्याच त्या शंका नव्या अक्षरात येतात.

परजीवीला लाल पेशी ओळखू कशी येते? (शिक्षिका, शहादा)

त्याच्या अंगावरची प्रथिनं पेशीवरच्या ठरावीक प्रथिनांना चपखल बसतात. हिवतापाच्या परजीवीच्या आपल्याकडच्या दोन मुख्य जाती व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायवॅक्सला ‘डफी’ प्रथिन लागतं, शिवाय पेशी कोवळी, नुकतीच रक्तात उतरलेली हवी. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या पेशींवर डफी नसतं, म्हणून त्यांना व्हायवॅक्स सहसा होत नाही. फाल्सिपेरमला वाटा अनेक, पण त्याचं आरएच-5 हे प्रथिन पेशीवरच्या बॅसिजिन या प्रथिनाला धरल्याशिवाय तो आत शिरत नाही. हे 2011 मध्ये उमगलं.

माझा रक्तगट ओ. मला होणार नाही ना? (चोपडा)

होऊ शकतो. ताप आला की रक्त तपासा.

बाजारात ‘परजीवी चिकटू न देणारा’ काढा मिळतो. घेऊ का? (यावल)

नको. आरएच-5 वरची लस अजून चाचण्यांतच आहे, आणि बाटलीवाल्याला जमलं म्हणे!

मुलाला सिकलसेल आहे. अशांना हिवताप होत नाही म्हणतात. तरी तापात तपासणी करायची का? (धडगाव)

आजच करा. या अर्धवट ऐकीव गोष्टीने सातपुड्यात फार नुकसान केलंय. आधी सिकलसेलचं कार्ड पाहा: एएस (वाहक) की एसएस (आजारी)? परजीवी पेशीत शिरला की स्वतःची चिकट प्रथिनं तिच्या बाहेरच्या अंगावर आणून बसवतो. त्यांच्या जोरावर पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून राहते, प्लीहेत जाऊन मोडायची टळते. मेंदूचा हिवताप यातूनच होतो. एएस म्हणजे वाहक. त्याच्या पेशींवर ही मांडणी विस्कटते, पकड ढिली पडते, म्हणून गंभीर फाल्सिपेरमपासून बरंचसं संरक्षण मिळतं. ताप मात्र त्यालाही येतो. एसएस म्हणजे आजारी मूल. त्याचं रक्त मुळातच कमी, त्यात हिवतापाने आणखी पेशी फुटल्या तर जिवावर बेततं. मागच्या पावसाळ्यात असं एक पोरगं पाचव्या दिवशी आणलं. तळवे पांढरेफटक, काचपट्टीवर जिकडेतिकडे परजीवीच्या अंगठ्या. आजी म्हणाली, “सिकलसेलवाल्याला हिवताप कसा होईल?” पाच दिवस वाया गेले! ताप आला त्याच दिवशी आशाताईंना गाठा आणि मुलाला डॉक्टरांना दाखवा.

व्हायवॅक्स निघाला, ताप तीन दिवसांत गेला. 14 दिवस प्रायमाक्विन कशाला? (रावेर)

तो यकृतात दडून राहतो, म्हणून. गरोदर असाल किंवा जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं विकर) कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. लघवी काळपट-लाल झाली तर गोळ्या थांबवून तडक दवाखाना गाठा.