देवाची योजना आहे म्हणतात, मग आज मी काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या मंडळ्यांतून (चर्चमधून) एकच गोष्ट विचारलेली दिसली. देवाचा आपल्या आयुष्यासाठी काही हेतू आहे हे मान्य आहे, पण रोजच्या जगण्यात त्याच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, चार घेतलीत. नावं गाळली आहेत.

प्रश्न: ताई, प्रभूमध्ये सलाम. मी राहुरी तालुक्यातला, वय २७. पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतोय. दोनदा मेन्सपर्यंत गेलो आणि थोडक्यासाठी राहिलो. घरी कांदा आणि थोडा ऊस आहे, वडील काही बोलत नाहीत पण पैसे यायला उशीर झाला की कळतं. गेले दोन नाताळ मी घरी गेलो नाही, लोक विचारतात म्हणून. मंडळीत जो भेटेल तो यिर्मया २९:११ म्हणून दाखवतो, "तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत" असं देव म्हणतो ते वचन, माझ्या मोबाइलच्या वॉलपेपरला पण तेच वचन आहे. देवाचे संकल्प माझ्या हिताचे असतील तर मला यश का नाही? अजून एक अटेम्प्ट द्यावा ही देवाची इच्छा आहे की नाही हे ओळखायचं कसं, आणि दुसरी नोकरी बघितली तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का?

उत्तर: बाळा, तुलाही सलाम. वॉलपेपर राहू दे, पण ते अकरावं वचन एकटं वाचू नकोस, आज रात्री यिर्मयाचा २८वा आणि २९वा अध्याय सलग वाचून काढ. २९वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलला पाठवलेलं. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने इ.स.पू. ५९७ च्या सुमारास यहूदाच्या यखन्या राजाला, त्याच्या आईला, सरदारांना, कारागिरांना आणि लोहारांना सगळ्यांना धरून नेलं होतं आणि ही माणसं तिथे आज सुटू उद्या सुटू अशा आशेवर बसलेली. त्यात इकडे हनन्या नावाचा एक संदेष्टा यरुशलेमेच्या मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल, यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू पण त्याने काढून मोडून टाकलं. लोकांना हनन्याचंच बोलणं गोड लागलं असणार. आणि यिर्मयाच्या पत्रात काय आहे तर घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण इथे सत्तर वर्षं जायची आहेत. हे सगळं सांगून झाल्यावर मग ते तुझं वचन येतं.

म्हणजे बघ, ज्या मोठ्या माणसांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातल्या बहुतेकांनी यरुशलेम परत पाहिलंच नाही, त्यांच्या नातवंडांनी पाहिलं. तरी देवाचं वचन त्यांच्यासाठीही खरं होतं. ते वचन निकालाची तारीख सांगणारं नाहीये. मी तुम्हाला विसरलेलो नाही, आणि जिथे थांबायला लागलंय तिथेसुद्धा तुम्ही माझ्यासमोर पूर्ण आयुष्य जगायचं आहे, असं देव त्यांना सांगत होता. आपल्या मंडळ्यांमध्ये हे वचन परीक्षेच्या, व्हिसाच्या, लग्नाच्या आधी इतक्या घाईने दिलं जातं की ऐकणाऱ्याला वाटतं देवाने मला शब्द दिलाय आणि मग निकाल उलटा लागला की पोरं देवावर नाहीतर स्वतःवर राग काढतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ते पूर्ण पत्र वाचलं असतं तर त्याच पोरांना केवढा आधार मिळाला असता.

तू मात्र सामान बांधून बसलायस. पोस्ट मिळाली की घरी जाईन, पोस्ट मिळाली की लग्नाला हो म्हणेन, पोस्ट मिळाली की चर्चमध्ये तोंड दाखवीन. बाबेलच्या लोकांना देवाने नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं. या नाताळला घरी जा. लोक विचारतील, विचारू देत, "नाही झालं अजून" एवढं सांगायचं आणि आईने केलेल्या करंज्या खायच्या.

आता नोकरीचं. दुसरी नोकरी बघणं हा अविश्वास अजिबात नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रेषित पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायचं होतं, आत्म्याने अडवलं, मग बिथुनियात जायचं म्हटलं, तिथेही जाऊ दिलं नाही, तो त्रोवसला येऊन थांबला आणि तिथे रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टांतात दिसला. दोन दारं बंद झाली तोपर्यंत पौल हात जोडून एका जागी बसलेला नव्हता, तो चालत होता. आणि याच पौलाने रोमकरांना लिहिलंय की मला स्पेनला जायचंय, जाता जाता तुमच्याकडे येईन, पण रोमला तो पोचला तो कैदी म्हणून, आणि स्पेनला गेल्याचं बायबलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. एवढ्या मोठ्या प्रेषिताचे बेत असे फिरले, ते काय त्याचा विश्वास कमी होता म्हणून? याकोबसुद्धा आपल्या पत्रात बेत करणाऱ्याला रागावत नाही, तो फक्त म्हणतो की "प्रभूची इच्छा असेल तर" असं म्हणून बेत करा, उद्याचा दिवस आपल्या हातात असल्यासारखं बोलू नका.

तेव्हा खुणा शोधत बसण्यापेक्षा वडिलांसोबत एक संध्याकाळ बस. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, महिन्याला किती जातात ते कागदावर मांड, त्यांना अजून किती जमेल ते त्यांच्या तोंडून ऐक. मार्क थोडक्यात गेलेत की दर वेळी एकाच पेपरला जातायत हे ज्याला कळतं अशा माणसाला दाखव. अटेम्प्ट द्यायचा ठरला तर तो शेवटचा की नाही तेही आत्ताच घरच्यांसोबत ठरवा, आणि सोबत दुसऱ्या सरळसेवेच्या जाहिराती, बँकेच्या परीक्षा नाहीतर अर्धवेळ क्लासवर शिकवणं हे चालू ठेव. हे सगळं प्रार्थना करून कर, पाळकसाहेबांना पण सांग. देव डोळे मिटल्यावर जेवढा बोलतो तेवढाच बापाच्या वहीतल्या हिशोबातूनही बोलतो असं मी मानते.

प्रश्न: ताई, मी वसईची. आठ महिन्यांपूर्वी माझे मिस्टर हार्ट अटॅकने गेले, वय ४१. दफनाच्या दिवसापासून सगळे एकच म्हणतात, देवाची योजना होती, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारलं, मग पप्पा वाईट असते तर राहिले असते का? मला उत्तर देता आलं नाही. मी मिस्साला जाते पण गाता येत नाही, रोझरी हातात घेतली की रागच येतो. देवावर राग येणं हे पाप आहे का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आधी मुलाचं बघू, कारण तो थांबलाय उत्तरासाठी. त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगा की नाही, असं नसतं, लोक बोलले ते चुकीचं बोलले, पप्पा चांगले होते म्हणून देवाने त्यांना नेलं नाही, त्यांच्या हृदयाला आजार होता आणि तो आपल्याला वेळेत कळला नाही, आणि देवालाही तुझ्या रडण्याचं दुःख आहे. हे नाही सांगितलं तर पोरगं चांगलं वागायला घाबरेल, आणि देवाला पण घाबरेल.

येशूने स्वतः असली उत्तरं दिलेली नाहीत. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्याबद्दल तो बोलतो, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते का, आणि स्वतःच नाही म्हणून सांगतो. अमुक कारणासाठी ते मेले असं तो पुढेही बोलत नाही. योहान ११ मध्ये येशूचा मित्र लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी येऊन त्याला तेच वाक्य ऐकवतात, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. सरळ सरळ तक्रार आहे ती, कारण निरोप मिळूनही तो दोन दिवस तिथेच थांबला होता. त्याने दोघींपैकी एकीलाही गप्प केलं नाही. आणि जो माणूस थोड्या वेळात लाजरला कबरेतून बाहेर बोलावणार होता तो त्याआधी तिथे उभा राहून रडला. त्याला शेवट माहीत होता तरी तो रडला, मग तुम्हाला आणि मला तर काहीच माहीत नाही.

तर राग हे पाप नाही, देवाशी बोलणं तोडू नका एवढंच सांगेन. स्तोत्र १३ काढा, सुरुवातीलाच दाविदाने चार वेळा किती काळ, किती काळ असं विचारलंय. त्याहून कठीण स्तोत्र ८८, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी मंडळीने ते जपून ठेवलं आणि शतकानुशतकं म्हटलं. रोझरी नको वाटत असेल तर हे स्तोत्र मोठ्याने वाचा, तुमच्यासाठी कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय. मिस्सात गाता येत नाही तर नुसतं बसा, बाकीचे गातायत ते तुमच्या वतीने गातायत असं समजा. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातलं "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात" हे वचन तुम्हाला बऱ्याच जणांनी पाठवलं असेल, पण त्याच्या अगदी आधीच पौल म्हणतो की आपल्याला प्रार्थना कशी करायची तेच कळत नाही आणि पवित्र आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं आधी आहे. आणि झालेली प्रत्येक गोष्ट चांगली असते असं पौलाने कुठेच म्हटलेलं नाही, सगळं मिळून देव त्यातून भलं करतो असं म्हटलंय, ते भलं आज दिसलंच पाहिजे अशी जबरदस्ती तुमच्यावर कोणी करू नये.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला या बाबतीत नेहमी आठवतं. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, पदरात लहानशी मनोरमा. पुढे केडगावला शेकडो अनाथ मुली आणि विधवांचं घर उभं केलं आणि शेवटी तीच मनोरमा, जिच्या हातात सगळं सोपवायचं होतं, ती १९२१ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. आपण आता मागे वळून म्हणतो केवढी देवाची योजना, पण मला ठामपणे वाटतं की १८८२ मध्ये त्या तरुण विधवेच्या तोंडावर हे म्हणायचा कोणालाही अधिकार नव्हता. तसाच तुमच्या तोंडावरही नाही.

एक व्यवहाराचं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, मराठीतही बोलतात, तो फोन करणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. आणि बँक, विमा, वारस नोंदीच्या कामांना एकट्या जाऊ नका, पॅरिशमध्ये फादरांना सांगा की मला सोबत कोणीतरी द्या. जे योजनेबद्दल बोलून गेले त्यांनाच सांगा ना, येतील ते, बऱ्याच जणांना काय करावं हे सुचत नाही म्हणून ते नुसतं बोलतात.

प्रश्न: ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला (वर्ष सरतानाच्या रात्रीच्या उपासनेला) वचनाचं कार्ड उचललं, त्यात अब्राहामाला आपला देश सोडून जा म्हटलंय ते वचन आलं. जालन्यातली नोकरी सोडून हैदराबादला जावं का?

उत्तर: कार्डावरून नको. ते वचन वर्षभर प्रार्थनेत ठेवा, आशीर्वाद म्हणून घ्या, पण त्याच डब्यातून तुमच्या शेजारच्याने पण कार्ड उचललंय आणि कोणाच्या हातात कुठलं आलं त्यावर घर हलवायचं नसतं. बायबलमधल्या गिदोनाने लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली हे खरं, पण लढायला जा म्हणून देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्याचाच धीर होत नव्हता. तिकडे पगार किती, मुलांची शाळा, आईची औषधं, तिकडे मंडळी कुठली मिळेल, बायकोचं काय म्हणणं आहे ते बघा. बायकोचं म्हणणं तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही, तिथून सुरुवात करा.

प्रश्न: मी विरारहून अंधेरीला जाते, एका ऑफिसमध्ये अकाउंट्सला आहे. पहाटे साडेचारला उठून डबे, मग लोकल, घरी यायला आठ. मुलं मोठी आहेत. संडे स्कूलमध्ये शिकवलेलं की सकाळी शांत वेळ देवासोबत घालवायचा, ते मला वर्षानुवर्षं जमलेलं नाही. मिशनऱ्यांच्या, सेवकांच्या साक्षी ऐकल्या की वाटतं देवाच्या योजनेत माझ्या व्हाउचरना काय जागा असणार?

उत्तर: जागा आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. येशूने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता असं लूक लिहितो, आणि त्याआधी काय केलं तर नासरेथात सुतारकाम, गावातले लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखायचे. म्हणजे देवाच्या पुत्राची बहुतेक वर्षं गिऱ्हाइकांची कामं करण्यात गेली आणि ती वाया गेली असं कोण म्हणेल. कलस्सैकरांस पत्रात जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असं जे लिहिलंय ते कोणाला लिहिलंय ते बघा, दासांना. ज्यांना स्वतःचा एक तास पण नव्हता त्यांना. तुमच्या टेबलावर खोटं बिल आलं आणि तुम्ही ते पास केलं नाही, नवीन मुलीची चूक झाली आणि तुम्ही साहेबांसमोर तिची लाज राखली, ही सेवाच आहे.

शांत वेळेचं म्हणाल तर साडेचारला उठणाऱ्या बाईने साडेतीनला उठावं असं मी सांगणार नाही, देवही सांगणार नाही. गाडीत बसायला मिळालं तर एक स्तोत्र, तेच स्तोत्र आठवडाभर, नवीन नवीन नको. उभ्याने असाल तर नुसती प्रभूची प्रार्थना, सावकाश, "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथपर्यंत आलात की डब्यातल्या सगळ्या बायकांची नावं घ्या ज्यांना तुम्ही रोज बघता, नाव माहीत नसेल तर ती मोगऱ्याच्या गजरेवाली, ती बोरिवलीला उतरणारी असं म्हणा. रविवारी उपासनेनंतर सगळा स्वयंपाक तुमच्यावरच पडत असेल तर घरच्यांना सांगा की महिन्यातला एक रविवार भात-आमटी तुम्ही करा, मला तासभर बसू द्या. मुलं मोठी आहेत म्हणून लिहिलंय तुम्ही, कुकर लावता येईल त्यांना.