वडिलांना फॅटी लिव्हर निघालंय, यकृत पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

वडील दारूला शिवत नाहीत, तरी एसजीपीटी (यकृताच्या पेशींतलं एक एन्झाइम) वाढलेलं, असं तुम्ही लिहिलंय. यकृत बहुतेक वेळा पहिल्यासारखं होतं, पण वेळेत हातपाय हलवले तर.

यकृताच्या पेशी एरवी क्वचितच विभागतात. इजा झाली की मात्र कामाला लागतात. निरोगी यकृताचा दोन तृतीयांश भाग कापला तरी उरलेला काही आठवड्यांत-महिन्यांत वाढून भरपाई करतो. चरबी साठून पेशींना सूज आली की त्या फुगतात, काही मरतात, आतलं एसजीपीटी रक्तात सांडतं. रिपोर्टमधला आकडा तोच.

खरी गोम स्टेलेट पेशींत, म्हणजे यकृतातल्याच एका वेगळ्या प्रकारच्या पेशींत, आहे. एरवी त्या 'अ' जीवनसत्त्व साठवून गप्प असतात. इजा थांबलीच नाही तर ते जीवनसत्त्व टाकून कोलॅजनचे (व्रणात असतात तसे चिवट) धागे तयार करत सुटतात: आधी फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणाचे धागे साठणं, मग सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक, गाठीगाठींचं होणं. पहिलं बऱ्याच अंशी भरून येतं, दुसरं सहसा पूर्ण नाही. म्हणून डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) विचारा. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवा, बराच फरक पडतो.

आणि हो, सांगलीत राहता तर हळद भाजीत बिनधास्त घाला, पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल 'लिव्हर टॉनिक' म्हणून नकोत. त्यांनीच यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.