वाचक विचारतात : खाण्याचा विकार आणि योग्य थेरपिस्टचा शोध

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी पुण्यात होस्टेलवर राहते. दिवाळीला घरी आली तेव्हा लक्षात आलं, की जेवण झालं की ती लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. खोदून विचारल्यावर रडली. दीड वर्षापासून भरपूर खाऊन मग उलटी काढते म्हणाली. एका समुपदेशकांकडे चार वेळा नेलं. लहानपण, अभ्यासाचा ताण यावर बोलणं झालं, खाण्याचा विषय निघालाच नाही. मग एका आहारतज्ज्ञांनी १२०० कॅलरींचा तक्ता दिला. त्याने उलट्या वाढल्या. आता ती कुठेच यायला तयार नाही. नक्की कोणाकडे जायचं? – एक आई, सांगली

उत्तर : थेरपिस्ट शोधायला दोन-तीन आठवडे जातील. त्याआधी, याच आठवड्यात तिला फिजिशियनकडे न्या आणि उलट्यांबद्दल स्पष्ट सांगा. वारंवार उलट्या झाल्या की शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, साखर आणि हिमोग्लोबिन एवढं तपासून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं नव्हे. बुलिमियात, म्हणजे भरपूर खाऊन मग उलटी काढण्याच्या या विकारात, ते बरेचदा नॉर्मलच येतात. चक्कर, छातीत धडधड किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही. आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण त्याने घासलं जातं. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी.

आता माणूस कसा ओळखायचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या तिघांत औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नंबर मागा, परिषदेच्या वेबसाइटवर पडताळा. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कमी-अधिक शिक्षण झालेली कितीतरी माणसं लावतात, म्हणून पदवी आणि अनुभव विचारायलाच हवा. त्यात संकोच नको.

पहिल्याच फोनवर एवढं विचारा : गेल्या वर्षभरात खाण्याच्या विकाराचे किती पेशंट पाहिले? कोणती पद्धत वापरता? सेशनमध्ये वजन करता का? डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांशी तुम्ही स्वतः बोलता का? प्रगती कशावरून मोजता? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. ‘आत्मविश्वास वाढला की खाणं आपोआप सुधारेल’ असं उत्तर आलं, तर पुढचा नंबर फिरवा. भुकेल्या शरीराला आत्मविश्वासाचं बोलणं पोहोचत नाही. आधी खाणं रुळावर यावं लागतं.

बुलिमियासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो खाण्याच्या विकारांसाठी बेतलेल्या सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या थेरपीचा. ऑक्सफर्डच्या ख्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या पद्धतीत साधारण २० आठवड्यांत २० सेशन होतात; सुरुवातीचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा. पहिलं काम म्हणजे नोंदवही. खाल्लं की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. एक ओळ अशी दिसते : ‘दु. ४.१०, खोलीत एकटी, फरसाणाचं अख्खं पाकीट, *, उ.’ फुली म्हणजे ताबा सुटला, उ म्हणजे उलटी. शेवटच्या रकान्यात : ‘सकाळचा नाश्ता टाळला, दुपारी मेसला गेले नाही.’ आठवडाभराच्या अशा ओळी समोर ठेवल्या, की तिचं तिलाच दिसतं : ताबा सुटतो तो बहुतेक वेळा उपाशी राहिल्यावर. १२०० कॅलरींच्या तक्त्याने उलट्या वाढल्या त्या याचमुळे. म्हणून दुसरी पायरी : तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही.

इथे आपल्याकडे एक अडचण हमखास येते, ती उपवासांची. सोमवार, चतुर्थी, नवरात्र. न जेवण्याला याहून सभ्य कारण सापडत नाही आणि घरात कौतुकही होतं. उपचार चालू असेपर्यंत उपवास बंद, हे आजीलाही तुम्हीच सांगा. मुलीवर सोपवू नका.

मुलगी १९ वर्षांची असल्याने सेशनमधलं बोलणं गोपनीय राहील. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ तिला तो हक्क देतो. जिवाला धोका असेल तर थेरपिस्ट तुम्हाला कळवतील. बाकी काय सांगायचं ते तिघांनी पहिल्या भेटीत ठरवावं. तिला ‘उपचार घेच’ म्हणण्याऐवजी दोन नावं समोर ठेवा, ‘तू निवड, तीन भेटी जा, मग बोलू’ म्हणा. आधीच्या दोन्ही ठिकाणी चूक तिची नव्हती, हेही मोकळेपणाने सांगा. चार-सहा आठवड्यांत उलट्या कमी व्हायला लागल्या नाहीत, तर पद्धत बदलायची की औषध जोडायचं, हे थेरपिस्टना विचारा. बुलिमियात फ्लुओक्सेटिनचा उपयोग होतो, पण रोज ६० मिलिग्रॅम, म्हणजे नैराश्यासाठी नेहमी देतात त्याहून जास्त मात्रेत. ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र अशा पेशंटना देत नाहीत, त्याने फिट येण्याचा धोका वाढतो. म्हणून इतर कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी उलट्यांचं लपवू नका.

कुठे शोधायचं? पुण्यात ससूनच्या, तुमच्याकडे मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीपासून सुरुवात करता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. गावात खाण्याच्या विकाराचा खास तज्ज्ञ मिळाला नाही, तर सीबीटी शिकलेला, या विकारासाठी अनुभवी सहकाऱ्याचं मार्गदर्शन घ्यायला तयार असलेला सायकॉलॉजिस्ट चालेल. ऑनलाइन सेशनही चालतात, फक्त वजन आणि रक्ततपासणी जवळच्या डॉक्टरकडे ठरलेल्या दिवशी झाली पाहिजे.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. पाच महिन्यांत ११ किलो उतरला, भाताला हात लावत नाही, संध्याकाळी दोन तास पळतो. सायकॉलॉजिस्ट म्हणतात, जबरदस्ती करू नका, त्याला वाटेल तेव्हा खाईल. – एक वडील, नाशिक

उत्तर : वाट पाहू नका. ही लक्षणं ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराची वाटतात. हा आजार फक्त मुलींचा नाही, आणि मुलग्यांमध्ये तो उशिरा ओळखला जातो. आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल किंवा उभं राहताना चक्कर येत असेल, तर त्याला दाखल करावं लागू शकतं. पळणं तोवर बंद.

या वयात पहिली निवड कुटुंबाधारित थेरपीची. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये तिची सुरुवात झाली. सहा ते बारा महिन्यांत साधारण २० सेशन. आधी ताटात काय आणि किती, हे आई-वडील ठरवतात आणि संपेपर्यंत शेजारी बसतात. वजन सावरलं की खाणं हळूहळू मुलाच्या हाती परत द्यायचं. शेवटी वयाचे बाकीचे प्रश्न. मुलाला एकट्याला आत घेऊन तुम्हाला बाहेर बसवणारा थेरपिस्ट या टप्प्यावर उपयोगाचा नाही. ओरडायचं नाही, सौदाही करायचा नाही : ‘हे तुझं औषध आहे, मी इथेच बसलोय.’

एक सावधगिरी. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला दिलं, तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सुरुवातीचं प्रमाण डॉक्टरांनी, रक्ततपासणी करत ठरवावं.

प्रश्न : विमा मिळतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यावं लागतं. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. दर आठवड्याचं सेशन त्यात बसायचं, तर ओपीडीचं कलम लागतं. पॉलिसीत ते पाहा. नसेल, तर फी विचारताना सेशनची नाही, २० सेशनची बेरीज करा. १५०० रुपये असेल तर ३०,००० होतात. एवढं झेपत नसेल, तर पहिल्याच फोनवर सवलतीचं विचारा. पाच सेशननंतर पैशांसाठी सोडण्यापेक्षा ते बरं.