बोचेल्लीचं नाव निघालं की नाकं का मुरडतात?

प्रश्न : आंद्रेआ बोचेल्ली ऑपेराही गातो आणि प्रेमगीतंही. रीतसर शिकलेला आहे म्हणतात. मग ऑपेराचे जाणकार त्याला आपल्यात का घेत नाहीत? नुसती असूया?

उत्तर : असूया थोडी असेलही, पण खरं भांडण माईकवरून आहे.

ऑपेराचा टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, माईकशिवाय गातो. समोर साठ-सत्तर वाद्यं, आणि त्यांच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. नुसत्या जोरानं ते होत नाही. गळा असा घडवावा लागतो, की ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार येते. तिथे वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो, म्हणून एकटा माणूस ऐकू येतो. मी कॉयरमध्ये बरीच वर्षं टेनर गायलो. ही धार काही साधली नाही. त्यामुळे बोचेल्लीला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळतेच.

बोचेल्ली पिसा विद्यापीठात कायदा शिकला, थोडी वकिली केली, पियानो बारमध्ये गायला. १९९२मध्ये झुक्केरो या रॉक गायकानं ऑपेराचा नामवंत टेनर पावारोत्तीला ऐकवायला एका गाण्याचा नमुना त्याच्याकडून गाऊन घेतला, आणि पावारोत्तीला तो आवाजच आवडला. १९९४मध्ये सानरेमो या इटलीतल्या गाण्यांच्या स्पर्धेत बोचेल्ली नवोदितांत पहिला आला. पुढच्या वर्षी तिथेच त्याचं ‘कोन ते पार्तिरो’ हे गाणं चौथं आलं! तेच गाणं १९९६मध्ये सारा ब्राइटमन या गायिकेबरोबर नव्या रूपात आलं, हेन्री मास्के या जर्मन बॉक्सरच्या निरोपाच्या लढतीसाठी. मास्के हरला, गाणं मात्र घरोघरी पोचलं.

हेडफोन लावून या गाण्याची सुरुवात ऐका. खालच्या सुरात, कानाशी बोलल्यासारखं. वाद्यवृंदापुढे माईकविना असं गायलं तर तिसऱ्या रांगेतही पोचणार नाही. हे माईकचं गाणं आहे आणि माईकपुढे किती जवळ जायचं, सूर कुठे सोडायचा, हे त्याला उत्तम कळतं. ही कलाच आहे, फक्त वेगळी.

शिक्षणाचं म्हणाल, तर तो फ्रांको कोरेल्ली या टेनरकडे शिकलाय, म्हणजे त्या काळच्या सर्वांत दणदणीत गळ्यांपैकी एकाकडे. पण गुरूचा गळा शिष्याला मिळत नाही. १९९९मध्ये डेट्रॉइटला मासने या संगीतकाराच्या ‘वेर्थर’ या ऑपेरामध्ये तो प्रमुख भूमिकेत उतरला, तेव्हा आवाज लहान पडतो, ही समीक्षकांची तक्रार होती. मला ती रास्त वाटते. त्याच्या प्रेमगीतांवर मात्र तीच तक्रार लावतात, तिथे माझं जाणकारांशी पटत नाही.