विचारा बिनधास्त : तंबू, खाणी आणि गुरांचा मुलूख

प्रश्न : जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून सिडनीहून ब्रोकन हिल, तिथून मारी, मग ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने विल्यम क्रीक आणि शेवटी कूबर पीडी असं कॅम्पिंग करत जायचं म्हणतोय. एसयूव्ही भाड्याने घेणार. जमेल ना?

उत्तर : महिना मस्त निवडलात. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ डिग्री तापमान नोंदलं गेलंय, त्यामुळे उन्हाळ्यात त्या बाजूला जायचं नाव काढू नका. जुलैत दिवसा छान असतं पण रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, म्हणून स्लीपिंग बॅग जाड घ्या, "ऑस्ट्रेलियाचं वाळवंट म्हणजे गरम" असं डोक्यात ठेवून पातळ रजया नेणारे लोक पहाटे चारला गाडीत हीटर लावून बसलेले असतात.

गाडीचं मात्र आधी बघा. बहुतेक भाड्याच्या एसयूव्ही कच्च्या रस्त्यावर न्यायला करारातच मनाई असते आणि नेलीत, काही झालं, तर इन्शुरन्स हात वर करतो. तेव्हा कच्च्या रस्त्याची परवानगी लेखी देणारी खरी फोर व्हील ड्राइव्हच घ्या, थोडी महाग पडली तरी. ट्रॅकवर सगळ्यात जास्त त्रास इंजिनाचा नसतो, टायरचा असतो, कारण खाली धारदार दगड पसरलेले असतात. दोन स्टेपनी, एक छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं गेज एवढं पाहिजेच, डांबर संपलं की टायरची हवा थोडी कमी करा आणि वेगही कमी करा, नुसती हवा कमी करून १०० ने गेलात तर उलट टायर तापून फुटेल.

प्रश्न : भाजी-फळं सिडनीहूनच भरून नेऊ का? वाटेत मिळेल याची खात्री नाही.

उत्तर : नका नेऊ! साउथ ऑस्ट्रेलिया फळमाशीच्या बाबतीत फार कडक आहे. ब्रोकन हिलवरून बॅरिअर हायवेने आलात की ऊडला विरा इथे क्वारंटाइन चौकी लागते, तिथे फळं आणि टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्या निघाल्या तर त्या जातातच, वर दंडही होऊ शकतो. डाळ-तांदूळ, पीठ, मसाले बिनधास्त न्या आणि ताजं काय ते चौकी ओलांडल्यावर पीटरबरोला घ्या. पाणी मात्र पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोजचं दहा लिटर धरून वेगवेगळ्या कॅनमध्ये भरा, एक फुटला तरी बाकीचे राहतात.

प्रश्न : ट्रॅकवर कुठेही तंबू ठोकला तर चालेल ना? नकाशात तर शेकडो किलोमीटर काहीच दिसत नाही.

उत्तर : हा प्रश्न सगळेच विचारतात. नकाशात काही दिसत नसलं तरी ती जागा मोकळी नाही हो, कुणाचं तरी काम तिथे रोज चालू आहे. विल्यम क्रीकच्या आसपासची ॲना क्रीक स्टेशन ही जगातली सगळ्यात मोठी गुरांची स्टेशन (रेल्वेचं नाही, गुरं पाळायच्या अवाढव्य जागेला तिकडे स्टेशन म्हणतात), क्षेत्रफळ जवळजवळ १५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा गोवा चार वेळा मावेल. तुम्ही ज्याला ओसाड म्हणताय ते कुणाचं तरी कुरण आहे.

साउथ ऑस्ट्रेलियात अशा जमिनींवर घर किंवा शेडपासून १ किलोमीटरच्या आत आणि गुरांसाठी केलेल्या पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत मुक्काम करायचा नाही असा नियम आहे. का, ते एकदा लांबून बघा म्हणजे पटेल. टाकी, शेजारी हौद, भोवती शेणाचा चिखल, आणि संध्याकाळी गुरं लांबून एकामागून एक रांगेत येतात, पण हौदाशी माणसं आणि तंबू दिसला की अलीकडेच थबकतात आणि तहानलेली असूनही पुढे येत नाहीत. तुम्ही रात्रभर थांबलात की ती रात्रभर तहानलेली. गेटचंही तसंच, उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा, आपलं डोकं चालवू नका. मारी ते विल्यम क्रीक साधारण २०० किलोमीटर आहे, मध्ये कॉवर्ड स्प्रिंग्जला चांगलं कॅम्पग्राउंड आहे, पाण्याचं कुंडही आहे, मुलं बाहेर यायची नाहीत. तिथेच थांबा. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही, कुंपण नसतं, कांगारू आणि गुरं सरळ रस्त्यात उभी असतात.

प्रश्न : मध्येच पाऊस आला तर? आणि रोड ट्रेनची, म्हणजे मागे एकापाठोपाठ ट्रेलर जोडलेल्या त्या लांबलचक ट्रकची, जाम भीती वाटते.

उत्तर : पाऊस आला तर थांबायचं. रस्ता बंदची पाटी असताना गेलात तर दंड होतो, शिवाय ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि मग स्टेशनवाल्यांना आठवडेच्या आठवडे त्यातूनच ये-जा करावी लागते. दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवा.

रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. समोरून आली की डावीकडे घ्या, वेग कमी करा, धूळ बसेपर्यंत थांबा, धुळीत घुसून ओव्हरटेक तर अजिबात नको. यूएचएफ रेडिओ घ्या, ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर बोलतात, "पुढे जाऊ का" विचारलं की बरेच जण नीट सांगतात. ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात बटण दाबलं की आपली जागा कळवणारं छोटं यंत्र) जवळ हवाच, पीएलबीची सरकारी नोंदणी फुकट होते ती निघण्याआधी करून टाका.

प्रश्न : मुलं ९ आणि १२ वर्षांची आहेत. नुसती लाल माती बघून कंटाळतील का?

उत्तर : गाडीत कंटाळतीलच, ते काही टळत नाही. पण ब्रोकन हिलला घड्याळ अर्धा तास मागे करायला त्यांना लावा, गाव न्यू साउथ वेल्समध्ये असून वेळ साउथ ऑस्ट्रेलियाची पाळतं. चार्ल्स रॅस्प नावाच्या कुंपण राखणाऱ्या माणसाला १८८३ मध्ये इथला खडक कथिलाचा वाटला, निघाली चांदी, शिसं आणि जस्त, आणि त्यातून १८८५ ला जी कंपनी उभी राहिली तीच आजची बीएचपी ही बडी खाण कंपनी. मारीला, पूर्वी उंटांवरून माल नेणाऱ्या उंटवाल्यांच्या जुन्या मशिदीची जागा दाखवा. त्यांना सरसकट अफगाण म्हणायचे, पण त्यातले बरेच जण बलुचिस्तान, पंजाब, सिंधकडचे होते.

कूबर पीडीत १९१५ साली ओपल हे रत्न सापडलं ते विली हचिसन या १४ वर्षांच्या पोराला, बाप सोनं शोधत होता. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, मग गावात लोकांसाठी राखलेल्या जागेत मातीचे ढीग हाताने चाळायला तास कसे जातात कळत नाही. फक्त त्या जागेबाहेर, खाणींच्या बाजूला, मुलांचा हात सोडू नका. खोदून झालेले उभे खड्डे बुजवलेले नसतात, "पळू नका, मागे मागे चालू नका" अशा पाट्या लावलेल्या असतात, आणि मागे मागे चालणारे कोण तर फोटो काढणारे आईबाप.