रिव्हॉल्व्हर डिक्कीत, परवाना घरी

प्रश्न : मी केळापूर तालुक्यात कापसाची खेडा खरेदी करतो. शेतकऱ्यांना द्यायच्या चुकाऱ्याची रोकड घेऊन संध्याकाळी मोटारसायकलने गावोगाव जावे लागते, म्हणून ०.३२ बोअर रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. लोकांना दिसू नये म्हणून ते डिक्कीत ठेवतो. मागच्या महिन्यात नाकाबंदीत डिक्की उघडली. परवाना घरी होता, मोबाइलमधला फोटो दाखवला. रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झाले आणि आता परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस आली आहे. हत्यार लपवून नेणे गुन्हा आहे का?

उत्तर : भाऊ, लपवून नेलं यात तुमची चूक नाही. उलट शस्त्र नियम, २०१६ चा नियम ३२ तेच सांगतो : रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये (हत्याराच्या कव्हरमध्ये) अंगाला बांधलेलं किंवा पाठपिशवीत असावं, पूर्ण झाकलेलं असावं आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा असावा. अडचण आहे ती ताब्याची. तुम्ही चुकारे द्यायला एखाद्याच्या ओसरीवर बसता तेव्हा हत्यार बाहेर उभ्या गाडीत असतं, आणि डिक्कीचं कुलूप म्हणजे काय, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

परवान्याचं म्हणाल, तर पोलिसांनी मागितल्यावर तो दाखवावाच लागतो. नाही दाखवला तर शस्त्र कायद्याच्या कलम १९ नुसार ते हत्यार जप्त करू शकतात. तेव्हा जप्तीवरून ठाण्याशी भांडू नका.

नोटिशीला मात्र मुदतीत लेखी उत्तर द्या. परवाना वैध आहे, त्या दिवशी सोबत नव्हता, एवढं सरळ लिहा. परवान्याची प्रत, खरेदीच्या पावत्या आणि रोकड नेल्याचा पुरावा जोडा. होल्स्टर आधी विकत घ्या आणि त्याचं बिलही लावा. परवान्याच्या अटींचा किंवा नियमांचा भंग त्याच कायद्याच्या कलम ३० खाली येतो. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना रद्द केलाच, तर अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

होल्स्टर घेताना चाप पूर्ण झाकणारं आणि वर बटणाचा पट्टा असलेलं घ्या. नुसतं कमरेला खोचून गाडी चालवू नका. पाठीच्या मधोमधही बांधू नका. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर गाडी घसरली तर ते लोखंड थेट मणक्यावर आदळेल. कमरेच्या बाजूला, शर्ट किंवा जॅकेटखाली ठीक राहतं.

तुमच्या भागातून तेलंगणातल्या आदिलाबादला जाणं नेहमीचंच, म्हणून एक विचारतो. परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय? फक्त महाराष्ट्र असेल, तर पैनगंगेच्या पुलापलीकडे तो चालत नाही. तिथे विनापरवाना शस्त्राचं कलम २५ लागू शकतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. रिव्हॉल्व्हर परत मिळालं की पुलाअलीकडची पाटणबोरी ओलांडण्याआधी परवान्याचं ते पान उघडून वाचा.